खोलीचं वर्णन करा

तार्तूत जानेवारीत चार वाजताच दिवा लागतो.
तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक टेबल, एक घड्याळ,
आणि भिंत मुद्दाम कोरी.
चित्र असलं की माणसं चित्राचंच लिहितात,
हे आम्ही पहिल्या वर्षी
बावीस जण वाया घालवून शिकलो.

प्रश्न हेल्वेबाईंचा, साधाच:
गेलेल्या माणसाला पत्र लिहिलं
तर मागे राहिलेल्याला झोप लागते का?
लागत असणार, मी म्हणाले.
त्या म्हणाल्या,
'असणार' बाहेर ठेवून ये, बुटांपाशी.

मग पाकिटं. बंद, यंत्राने पिसलेली.
कुणाच्या हाती काय गेलं, मलाही कळायचं नाही.
अर्ध्यांनी पत्र लिहायचं.
अर्ध्यांनी नुसतं आपल्या खोलीचं वर्णन:
काय कुठे आहे, केवढं, कुठल्या रंगाचं.
भावना लिहू नयेत. हे ठळक अक्षरांत.
कारण कुणी हातात पेन देऊन
वीस मिनिटं गप्प बसू दिलं
एवढ्यानंच बरं वाटत असेल, तर?
तेही वजा करावं लागतं.
दुःखातून काय काय वजा करायचं
त्याची आमच्याकडे यादी होती.

क्रमांक एकेचाळीस वाल्गाहून बसने आला.
नाव कपाटात, किल्ली हेल्वेबाईंकडे.
गुडघ्यावर टोपी. रुळांवर राबलेले हात.
त्याने सूचना दोनदा वाचली.
एवढंच? त्याने विचारलं.
मी ठरलेलं वाक्य म्हटलं:
सूचनेप्रमाणे लिहा, घाई नाही.
दुसरं वाक्य मला दिलेलं नव्हतं.

त्याचा कागद मी फेब्रुवारीत टाइप केला.

*खिडकीशी खुर्ची. तीन पाय जुने,
चौथा मी बसवलेला, म्हणून रंग वेगळा.
उशी निळी. उशीला खळगा,
डावीकडे जास्त खोल.
समोर स्टूल, दीड वीत.
त्यावर करडी लोकर, सुया तिच्यातच.
विणून झालेल्या ओळी अकरा.
खोली चार मीटर बाय तीन.*

भावना एकही नाही.
नियम अक्षरन् अक्षर पाळलेला.

मार्चमध्ये आकडे आले.
पत्रवाल्यांची झोप वाढली एकोणीस मिनिटांनी.
खोलीवाल्यांची सतरा.
दोन मिनिटं म्हणजे काय,
एखाद्याला मांजराने उठवलं असेल त्या रात्री.

मी म्हणाले, एकेचाळीसला काढू या?
त्याने वर्णन कुठे केलंय, त्याने तर...
आणि त्याच्यासारखे आणखी सहा-सात आहेत.
ते गेले की फरक दिसेल.
हेल्वेबाईंनी चष्मा पुसला, बराच वेळ.
मग खणातून ऑक्टोबरमधला कागद काढला,
दोघींच्या सह्यांचा:
कुणाला वगळायचं, कशासाठी,
सगळं आधीच लिहिलेलं,
एकही पाकीट फुटलेलं नसताना.
तेव्हा आपल्याला कमी हवं होतं, त्या म्हणाल्या.
बाहेर एमायोगीवरचा बर्फ तडकत होता
आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

एकेचाळीस तक्त्यात आहे.
बेचाळिसावी ओळ, कारण पहिली मथळ्याची.
गट दुसरा. झोप: अधिक तेवीस मिनिटं.
खळग्यासाठी रकाना नाही.

अहवालाच्या शेवटी मी टाइप केलं,
दोन्ही गटांत फरक आढळला नाही.
'आढळला नाही' आणि 'नाही',
या दोहोंच्या मधे
एक अख्खी खुर्ची मावते.
तशी ती मावते म्हणूनच
आम्ही पुन्हा पैसे मागितले.

एप्रिलमध्ये नवी जुळणी सुरू झाली.
या खेपेला दुसऱ्या गटाला काय लिहायला द्यायचं,
ज्यात कुणीच बसलेलं नसेल?
बसचं वेळापत्रक उतरवू दे, हेल्वेबाई म्हणाल्या.
मी म्हणाले, चालेल.
फक्त वाल्गाच्या बसचं नको.